जुळी १९ महिन्यांची, दिवसा बाबा एकटा: रोजच्या गडबडी कशा टाळाव्यात?

दोन पिल्लं (प्रश्न)

नमस्कार. दोन मुलगे, जुळे, दिसायला अगदी सारखे. वय १९ महिने. एकाचं वजन ९.८ किलो, दुसऱ्याचं ११.२. सकाळी आठ ते दुपारी चार घरी मी एकटा, आई कामावर. दोघेही पळतात, धाकटा आता चढायलाही लागलाय. मोठा अपघात झालेला नाही, पण त्याच त्या गडबडी रोज होतात आणि त्यातली एखादी कधीतरी महागात पडेल अशी धास्ती वाटते. "मदतीला कोणीतरी ठेवा" हे सोडून नेमकं काय करावं ते सांगा.

१. एकाचा डायपर बदलताना दुसरा घाणीत हात घालतो किंवा खोलीतून निसटतो.
२. अंघोळीनंतर एकाला पुसायला बाहेर काढलं की दुसरा पाण्यात एकटा उरतो.
३. दोघांना एकदम ताप आला की औषध कोणाला दिलं, किती दिलं, याचा घोळ. आईने निघताना दिलं होतं का तेही कधी कधी कळत नाही.
४. बाहेर गेलं की एक इकडे पळतो, एक तिकडे.
५. एकमेकांना चावणं.
६. थोरल्याचा डायपर दुपारच्या झोपेत रोज गळतो, धाकट्याचा नाही. दोघांना एकाच मापाचे.

ओला टॉवेल

तुमच्या सहापैकी निदान चार गडबडींचं मूळ एकच आहे. तुमचे दोन्ही हात एका मुलावर असतात, ती दोन-तीन मिनिटं दुसरा मोकळा असतो. एका मुलाच्या बाबतीत "काम करताना मुलाकडे लक्ष" हा प्रश्न असतो, जुळ्यांत "एका मुलाकडे लक्ष देताना दुसऱ्याकडे लक्ष" असा होतो. म्हणून कुठलंही काम सुरू करायच्या आधी, ज्याच्यावर हात नसणार त्याची सोय लावायची. ज्याचं काम करायचंय त्याला उचलायचं ते त्यानंतर.

डायपर. उंच टेबल, पलंग, सोफा यावर बदलणं आजच बंद करा. जमिनीवर पातळ गादी किंवा घडी केलेली चादर पुरेशी आहे, जमिनीवरून कोणी पडत नाही. खोलीचं दार लावून दाराला पाठ करून बसा. मग निसटायला वाट तुमच्यावरूनच आहे. उघडण्याआधी हाताशी मांडायचं ते असं: नवा डायपर पूर्ण उलगडलेला, ओले पुसायचे कागद ५-६ आधीच पाकिटातून काढून ठेवलेले, मलमाचं झाकण सैल केलेलं, आणि तोंड बांधता येईल अशी पिशवी. नवा डायपर जुन्याच्या खाली आधी सरकवायचा, मग जुना उघडायचा. जुन्याच्या पुढच्या भागानेच पहिला मोठा पुसा घ्यायचा, आत दुमडायचा, आणि काढल्या काढल्या गुंडाळून पिशवीत. "नंतर उचलतो" म्हणून बाजूला ठेवलेला उघडा डायपर हाच दुसऱ्याच्या हाती लागतो.

दुसऱ्याला त्या वेळी फक्त डायपरच्या वेळेसच मिळणारी वस्तू द्या. एखादं झाकणाचं डबडं, जुनं मऊ ब्रश, काहीही, पण एरवी ते कपाटात राहायला हवं. रोज दिसणाऱ्या खेळण्याने तीस सेकंदही निघत नाहीत. नुसती शू असेल तर चड्डीसारखा ओढून घालायचा डायपर उभ्या उभ्या बदलता येतो, या वयाची मुलं आडवं पडायला तयार नसतात. शी असेल तर मात्र आडवंच करावं लागतं, नाहीतर सगळं पायावरून खाली येतं. आणि एकाचा बदलला की लगेच दुसऱ्याचा तपासा, एकाच मांडामांडीत दोघे उरकतात.

अंघोळ. हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो म्हणून सविस्तर लिहितो. ५ सेंमी पाणीसुद्धा या वयाच्या मुलाला बुडायला पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही. ना ओरडणं, ना पाणी उडवणं. त्यामुळे "ऐकू येत राहील" या भरवशावर पाठ फिरवायची नाही. क्रम असा:

टॉवेल दोन, कपडे दोन, डायपर दोन, सगळं हात पोचेल तिथे आधी ठेवायचं. फोन बाहेर. टबात आधी गार पाणी, मग गरम, मग हाताने ढवळून कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने बघायचं, ३७-३८ अंश सेल्सिअस पुरे. पाणी बसलेल्या मुलाच्या बेंबीच्या वर नको. खाली रबरी चटई. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अंघोळ झाली की आधी पाणी सोडायचं, मग मूल उचलायचं. दोघे टबातच बसलेले असताना बूच काढा, पाणी पूर्ण जाईपर्यंत हात दोघांवर ठेवा. रिकाम्या टबात उरलेला दुसरा फार तर कुरकुर करेल, बुडणार नाही. बादलीतून अंघोळ घालत असाल तर बादली आधी रिकामी करून उलटी घाला. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, वाकून बघताना मूल बादलीत डोक्यावर जातं आणि स्वतःला वर ओढू शकत नाही. मधे दार वाजलं, फोन आला, तर एकतर उठायचं नाही, किंवा दोघांना बाहेर काढून उठायचं. टबाच्या तळाला चिकटवायची मुलाची बैठक असते तीही सुरक्षेची वस्तू नाही, ती निसटते आणि मुलासकट कलंडते.

मिली आणि मिग्रॅ

वरच्या प्रतिसादातलं पाण्याबद्दलचं अक्षर न् अक्षर पटलं. मी फक्त तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण जुळ्यांत एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही ही चूक फार सहज होते.

आधी हिशेब. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ तास (शक्यतो ६), आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. तुमच्या थोरल्या-धाकट्यात कोण किती किलोचा ते लिहिलेलं नाही, म्हणून वजनावरच सांगतो.

९.८ किलो: १४७ मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं औषध असेल तर ६ मिली.
११.२ किलो: १६८ मिग्रॅ. त्याच औषधाचे ७ मिली.

आता खरी भानगड इथे आहे. तेच औषध ५ मिलीत २५० मिग्रॅ अशा दुप्पट ताकदीतही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीतच १०० मिग्रॅ असतात. "सहा मिली" हा आकडा डोक्यात बसलेला आणि हातात दुप्पट ताकदीची बाटली, तर ९.८ किलोच्या मुलाला दुप्पट डोस जातो. थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिले तर ६०० मिग्रॅ, म्हणजे दिवसभराची कमाल मात्रा एका घोटात. म्हणून घरात एकाच ताकदीची एकच बाटली ठेवा, बाकीच्या काढून टाका. तुमच्या डॉक्टरांकडून दोघांचे मिली त्या बाटलीप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधा. वजन दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं, तारीख घाला. सर्दी-तापाच्या एकत्र औषधांतही पॅरासिटामॉल असू शकतं, ते वेगळं मोजलं नाही तर डोस नकळत चढतो.

देण्याची पद्धत. दोन सिरिंजा, दोन रंगांच्या पट्ट्या. ६ मिलीच्या खुणेला एकीवर कायमच्या शाईची रेघ, दुसरीवर ७ ला. घरातला चमचा नको, चमच्या-चमच्यात फरक असतो. दोन्ही सिरिंजा एकदम भरून ठेवायच्या नाहीत, ही सगळ्यात नेहमीची चूक. एक भरा, द्या, लिहा, आणि मगच दुसरी भरा. भरलेल्या दोन सिरिंजा आणि रडणारी दोन सारखी मुलं समोर आली की डोळे धोका देतात. टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून अर्धा-अर्धा मिली सोडा, घशात थेट पिचकारी मारली तर ठसका लागतो किंवा सगळं बाहेर येतं.

नोंद औषधाजवळच हवी, फोनमध्ये नको. आईचा फोन तिच्याबरोबर कामावर जातो. एक कागद, चार रकाने: मूल, वेळ, मिली, कोणी दिलं. लिहिलेलं नसेल तर दिलेलं नाही, असं मात्र धरू नका. उलट धरायचं: नक्की आठवत नसेल तर दोघांनाही दिलंय असं समजायचं आणि चार तास थांबायचं. तापाचा एक डोस चुकल्याने नुकसान होत नाही. हा नियम फक्त तापाच्या औषधाचा आहे, प्रतिजैविक किंवा फिट्सचं औषध असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. एकाला दोनदा गेलंय असं कळलं तर पुढचा डोस थांबवायचा, दोन्ही वेळा आणि मिली कागदावर लिहून लगेच डॉक्टरांना कळवायचं. मूल ठीक दिसतंय म्हणून गप्प बसायचं नाही, कारण या औषधाचा यकृतावरचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही.

सारख्या दिसणाऱ्यांसाठी: कपड्यांच्या रंगावर विसंबू नका, ही मुलं कपडे काढतात आणि टोप्या बदलतात. एकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला रंग लावा. आठवडाभर टिकतो, आणि ताप आलेलं मूल झोपेत असलं तरी पांघरूण वर करून बघता येतं.

कडीकोयंडा

दारं आणि कपाटं, कारण यावर कोणी लिहिलेलं नाही आणि धाकटा चढतोय म्हणताय.

एकटं मूल जिथे पोचत नाही तिथे जुळी पोचतात. एक गुडघ्यावर बसतो, दुसरा त्याच्या पाठीवर चढतो. खणांच्या कपाटाचे दोन खण दोघांनी एकदम ओढून त्यात पाय दिले की दोघांचं मिळून वीस-एकवीस किलो वजन पुढच्या बाजूला येतं आणि कपाट कलंडतं. म्हणून "भारी आहे, हलत नाही" हा भरवसा जुळ्यांच्या घरी चालत नाही. कपाट, पुस्तकांची मांडणी, टीव्ही, सगळं भिंतीला लोखंडी कोनाने किंवा पट्ट्याने आवळा. स्क्रू भिंतीत घट्ट बसला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नाही. जड वस्तू खालच्या खणात ठेवा, कपाटावर खेळणं ठेवू नका. चढायला तेच बोलावतं.

बाथरूमची आतली खालची कडी काढूनच टाका. दोघांपैकी एक आत, एक बाहेर आणि कडी लागलेली, हा प्रसंग जुळ्यांच्या घरी येतोच. वरची कडी मोठ्यांसाठी राहू दे. बटण दाबून लागणारं कुलूप असेल तर बाहेरच्या बाजूला बारीक खाच असते, ती नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरते. आत्ताच एकदा फिरवून बघा, मूल रडत असताना पहिल्यांदा बघायची ती गोष्ट नाही. तोवर दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवला तरी दार पूर्ण मिटत नाही. बिजागरीच्या फटीत बोट चेंगरणं ही वेगळी जखम आहे, तिथे लांब प्लास्टिकची पट्टी लागते. समोरच्या बाजूचा फोमचा अडसर तिथे उपयोगाचा नाही.

पाळणा-पलंगाचा कठडा उभ्या मुलाच्या छातीच्या, स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत आला की त्याचा काळ संपला. गादी आधी सगळ्यात खालच्या खुणेवर न्या, तरी कठडा तेवढाच असेल तर गाद्या जमिनीवर. पण मग अख्खी खोलीच पाळणा झाली असं समजून ती रिकामी करावी लागते. प्लगची झाकणं, पडद्यांच्या दोऱ्या, पंख्याची वायर, सगळं.

निळसर

तोंडात जाणाऱ्या गोष्टींबद्दल थोडं, कारण बाबांच्या खिशातून आणि पाकिटातून बरंच काही जमिनीवर येतं.

बटणासारखी चपटी बॅटरी. २० मिमी व्यासाची लिथियमची बॅटरी (गाडीच्या किल्लीत, रिमोटमध्ये, वजनकाट्यात असते) अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतलं पातळ आवरण जाळते. रिमोटचं झाकण स्क्रूचं नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, तो पुरेसा उपाय नाही पण वेळ देतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय. उलटी करवायची नाही. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे (१० मिली) मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबून निघायला उशीर करायचा नाही. जुळ्यांत एक गोष्ट विसरली जाते: एकाने गिळली म्हणून आणलं, पण बॅटऱ्या दोन होत्या. डब्यात किती असायला हव्या होत्या ते मोजा, शंका असेल तर दोघांचाही एक्स-रे मागा.

घास अडकणं. जुळी एकमेकांना भरवतात, तेही अख्खे तुकडे. तुम्ही द्राक्ष उभं चार भागांत कापलंत, पण जमिनीवरचं अख्खं भावाने भावाच्या तोंडात घातलं. म्हणून दोघे आपापल्या खुर्चीत पट्ट्याने बसलेले, हात एकमेकांपर्यंत न पोचणारे, आणि तुम्ही समोर, दोघांची तोंडं दिसतील असे. उठवण्याआधी दोघांच्या गालांत बघायचं. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत.

आवाज येत असेल, खोकला येत असेल, चेहरा लाल असेल तर मूल स्वतः बाहेर काढतंय, हात लावू नका. आवाज बंद झाला, रडताही येत नाही, ओठ निळसर व्हायला लागले, तर तो खरा अडथळा. मुलाला मांडीवर डोकं खाली करून, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने पाच थापट्या. नाही निघालं तर मागून धरून, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मधे मूठ ठेवून आत-वर असे पाच दाब. पाच-पाच असं आलटून पालटून. तोंडात न बघता बोट घालायचं नाही, तुकडा आणखी खाली जातो. पोटाचे दाब एक वर्षावरच्या मुलांनाच. बेशुद्ध झालं तर ३० छातीदाब आणि २ श्वास, आणि फोन स्पीकरवर ठेवून रुग्णवाहिका. हे वाचून हाताला येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून बघा, दोघांनीही, आई आणि बाबा.

भाजणं: ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही कपातलं पेय मुलाची कातडी भाजू शकतं. भाजलं तर वाहत्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. कपडे काढायचे, चिकटलेले असतील तर ते तसेच. या वीस मिनिटांत दुसरा मोकळा असतो, त्याला पट्टा लावून खुर्चीत बसवा किंवा कठड्यात ठेवा. रडू द्या.

दोन पिल्लं

मनापासून आभार. पाणी आधी सोडायचं हे इतकं साधं होतं. ९.८ किलोचा धाकटा, ११.२ चा थोरला. आणखी दोन शंका. एक, हात धरून चालवताना एकाने जमिनीवर बसकण मारली की त्याला त्याच हाताने वर ओढून उचललं जातं, कारण दुसऱ्या हातात दुसरा असतो. यात काही धोका आहे का? दोन, कपड्यांच्या ढिगात ओला डायपर वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि सगळ्या कपड्यांवर पारदर्शक दाणे चिकटलेत. मशीन बंद ठेवलंय.

निळसर

पहिल्याचं उत्तर: हो, आहे, आणि तो एकाच हाताने ओढण्यातच आहे. एक ते चार या वयात कोपरातलं एक हाड त्याच्याभोवतीच्या कड्यातून किंचित निसटतं. मूल लगेच रडतं, मग शांत होतं, पण तो हात वापरत नाही. कोपर जरा वाकवून हात अंगाशी धरतं, तळवा आत वळलेला. सूज बहुधा नसते, म्हणून "लागलं नाही" असं वाटतं. डॉक्टर तो काही सेकंदांत बसवतात आणि मूल थोड्याच वेळात हात वापरायला लागतं. घरी ओढून-फिरवून बघू नका, मोडलेलं असलं तर हानी होते. एकदा निसटला की पुन्हा निसटण्याची शक्यता जास्त.

बसकण मारली की उभ्याचा हात सोडायचा नाही, तुम्हीच खाली गुडघ्यावर बसायचं, आणि बसलेल्याला काखेखालून छातीभोवती हात घालून कडेवर घ्यायचं. मनगट धरून झोके देणंही याच कारणाने नको, आजी-आजोबांनाही सांगा.

धुणं-वाळवण

डायपरमधल्या दाण्यांना घाबरू नका, पाणी जायची नळी तुंबलेली नसेल तर मशीन वाचतं. ते दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे, पाणी पिऊन शेकडो पट फुगतात. म्हणून पुन्हा भरपूर पाणी घालून धुणं ही पहिली चूक.

कपडे ओलेच बाहेर काढून अंगणात किंवा गॅलरीत एकेक झटका. खाली जुनं वर्तमानपत्र. जे चिकटलेत ते कापडाच्या उलट्या बाजूने झटकल्यावर निघतात. राहिलेले कपडे बादलीत मिठाच्या पाण्यात अर्धा तास. मिठाने दाणे पाणी सोडून आकसतात आणि खाली बसतात. मीठ थेट मशीनमध्ये ओतू नका, धातूला गंज येतो. ड्रम आतून कोरड्या कागदाने पुसून घ्या, दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून पुसा, खालचं गाळणीचं झाकण उघडून गाळणी साफ करा, तळाशी ताटली ठेवून, कारण पाणी येतं. मग रिकाम्या मशीनला फक्त खळबळायला लावा, पुन्हा गाळणी बघा. गोळा केलेले दाणे कचऱ्यात. संडासात किंवा मोरीत टाकले तर तिथे फुगून वाट बंद करतात. यापुढे कपड्यांची टोपली आणि डायपरची पिशवी एकाच खोलीत ठेवू नका, एवढंच.

गळण्याबद्दल (सहावा मुद्दा): थोरल्याचं वजन १.४ किलोने जास्त. सारख्याच मापात तो मापाच्या वरच्या टोकाकडे असणार. कमरेवर खोल लाल वळ उठत असतील, किंवा पट्ट्या मधल्या खुणेपर्यंत पोचत नसतील तर त्याला पुढचं माप, धाकट्याला तेच. मग पाकिटं चुकू नयेत म्हणून थोरल्याच्या पाकिटावर त्याच्या रंगाची पट्टी. माप बरोबर असूनही गळत असेल तर दोन ठिकाणी बघा: पायाजवळची दुहेरी झालर आत दुमडली गेली आहे का (बोट फिरवून बाहेर काढायची), आणि लिंग खालच्या दिशेला आहे का. वर राहिलं तर कमरेतून गळतं, शर्ट पुढून ओला होतो. मागून किंवा मांडीवरून ओलं होत असेल तर झालर. झोपेआधी पंधरा मिनिटांत बदललेला डायपर दुपारला पुरतो.

ओला टॉवेल

चौथा आणि पाचवा मुद्दा राहिलाय.

बाहेर. दोघे दोन दिशांना पळाले तर जवळ असलेल्याकडे जाऊ नका, धोक्याजवळ असलेल्याकडे जा. रस्त्याकडे जाणारा आधी, मैदानात पळणारा नंतर. सवयीने आपण जो हाताशी येईल त्याला पकडतो. हे घरातून निघताना मनाशी ठरवलेलं असलं तर पाय आपोआप तिकडे वळतात. रस्त्यालगत दोघांना मोकळं सोडायचंच नाही, एक ढकलगाडीत पट्ट्याने किंवा पाठीवर, एक हाताला. मोकळं सोडायचं ते कुंपण असलेल्या जागी, आणि तिथे फाटक किती आणि कुठे आहेत हे आत शिरताच बघायचं. पाठीवरच्या पट्ट्याला लावायची दोरी काही जणांना आवडत नाही. मला ती रेल्वे फलाटासारख्या ठिकाणी योग्य वाटते, मनगटाला बांधायची मात्र नको, वर निळसर यांनी लिहिलेल्या कारणानेच.

मोटारीत बसवताना: पळणारा आधी आत, पट्टा लावून. दुसरा तोवर ढकलगाडीत, ब्रेक लावलेला, गाडीच्या फुटपाथाकडच्या बाजूला. उतरवताना उलट, शांत असणारा आधी ढकलगाडीत. किल्ली सतत खिशात. खेळायला दिली की आतून कुलूप लागतं आणि तुम्ही बाहेर.

दोघांची ढकलगाडी घ्यायची असेल तर आधी स्वतःच्या दारांची, लिफ्टची उघडी रुंदी मोजा. शेजारी-शेजारी बसायची गाडी ७० ते ८० सेंमी असते, काही दारं त्याहून अरुंद. मागे-पुढे बसायची निघते, पण वळवायला आणि पायरीवर चढवायला जड.

चावणं. या वयात शब्द कमी आणि दात नवे. वेळ टिपून ठेवा चार-पाच दिवस. बहुतेक वेळा जेवणाआधीचा अर्धा तास किंवा झोपेआधीचा सापडतो, मग जेवणच वीस मिनिटं आधी द्यायचं, चावणं आपोआप उतरतं. झालंच तर आधी चावल्या गेलेल्याकडे जा, त्याला उचला, चावणाऱ्याकडे बघून एकच वाक्य: "चावायचं नाही, दुखतं." लांबलचक बोलणं म्हणजे चावणाऱ्याला मिळालेलं लक्ष. उलट चावून दाखवणं चूक आहे, मोठे करतात ते चालतं एवढंच मूल शिकतं. जखमेवर थंड ओला कपडा दहा मिनिटं. कातडी फाटली असेल तर साबण आणि वाहतं पाणी पाच मिनिटं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. माणसाच्या तोंडातले जंतू जखम पिकवतात. सारखी दोन खेळणी आणून फार फरक पडत नाही, कारण हवं असतं ते भावाच्या हातातलंच. खेळणी दोन टोपल्यांत विभागून, खोलीच्या दोन टोकांना ठेवून बघा.

कडीकोयंडा

एक पुरवणी. दुपारी दोघे झोपले की ढकलगाडी, कपाटाचे पट्टे, खालचे प्लग असं महिन्यातून एकदा हात लावून बघा. पट्ट्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि १९ व्या महिन्याला फळीच्या ज्या कडेला हात पोचत नाही तिथे २१ व्या महिन्याला पोचतो. मोजायला सोपं: मुलाला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावा, त्या खुणेच्या वर आणखी एका मुलाच्या पाठीची उंची, साधारण ३० सेंमी, धरा. तिथपर्यंतचं सगळं हलवा. धाकटा चढतो म्हणजे खूण धाकट्याच्याच हाताची घ्या, पाठ थोरल्याची.